खिंडीचं बटण

बसा, बसा. सरकून घ्या जरा, दिगंबरला जागा द्या. आन् दिगंबर, आधी तुझ्या मोबाईलची ती बॅटरी बंद कर. माझ्या तोंडावर कशाला मारतोस? ह्या तोंडात बघण्यासारखं काय उरलंय आता?

हां. झाला अंधार. आता ऐका.

ही गोष्ट मी कुणाला सांगत न्हाई. पर आज सांजच्याला ह्यो दिगंबर माझ्याकडं आला. नवी जीप घेतलीय गड्यानं, पेढा घेऊन आला. आन् वर म्हणतो, "आण्णा, तेवढं खिंडीचं बटण बसवून द्या." मी पेढा खाल्ला आन् बटणाला न्हाई म्हणालो. लगीच तोंड फुगलं! बघा, अजून फुगलेलंच हाय. तर का न्हाई म्हणालो ते सगळ्यांम्होरं सांगतो. एकदाच सांगीन. भ्या वाटलं तर उठून घरी जायचं, माझ्या अंगावर येऊन पडायचं न्हाई.

तीस वर्सं झाली. भादव्यातली रात. दिवस मावळून घटकाभर झाला असंल. माझी थोरली बहीण, सारजाअक्का, चुलीला शेणी आणायला परसात गेली. शेणीच्या ढिगात हात घातला आन् वरडली. फुरसं! वीतभर जनावर, पर डसलं. बघता बघता हात कोपरापत्तोर सुजला. हिरड्यांतनं रगत यायला लागलं. सापाचं इंजेक्शन आपल्या गावात न्हाई. तवा बी नव्हतं, आज बी न्हाई. घाट उतरून खाली सरकारी दवाखान्यात जावं लागतंय.

अक्काचा नवरा हिंदुराव, म्हंजी माझं दाजी, वडापची जीप चालवायचं, शिटं भरून घाटातनं खाली-वर न्यायचं. जीप दारातच हुबी व्हती. मी मागच्या शिटावर बसलो, अक्काचं डोस्कं मांडीवर घेतलं. दाजींनी गाडी काढली. अक्का मला म्हणाली, "खंडू, मी पोचंन न्हवं?"

"दीड तासात पोचतोय बघ," मी म्हणालो. अगदी खात्रीनं म्हणालो.

खात्री का व्हती? कारण त्या जीपच्या लाईटी मी बसवल्या व्हत्या. तवा ह्या पट्ट्यात गाड्यांचा वायरमन म्हंजी खंडू. फोकस असा जुळवायचो की रस्त्यावरचा खडा दिसंल पर समोरच्याच्या डोळ्यात तिरीप जायची न्हाई. आता तुम्ही काय लावता? पांढऱ्याफेक लाईटी! समोरचा आंधळा झाला तरी चालंल, मला दिसलं पायजे! अरे, असतंय किती त्यात? मोकळा रस्ता असला की अप्पर, लांबचा उजेड. समोरनं कोण आला की डिपर, खाली पाडलेला. धुकं असलं की डिपरच, अप्पर मारलीस तर म्होरं चुन्याची भित हुबी ऱ्हाते. आन् त्या पार्किंगच्या बारक्या लाईटी हुब्या गाडीला, चालत्या गाडीला न्हाई. संपलं. येवढं सुदीक माणसाला जमत न्हाई.

पर आपल्या खिंडीची तऱ्हा निराळी. तितं खिंडीबाबा हाय. तिसऱ्या वळणावर, दरीच्या कडेला, वर गावाकडं तोंड करून बसलेला. त्याला पितळी डोळं हायत. गाडी वरनं उतरली की तिची लाईट थेट त्याच्या डोळ्यावर. ते डोळं असं लकाकतात! आन् देवाच्या डोळ्यावर उजेड मारायचा नसतो. पूर्वी बैलगाडीवालं तितं कंदील सुदीक घोंगड्याखाली धरायचं. मंग गाड्या आल्या. गाडीवालं काय करायचं? वळणाच्या तोंडाला सगळ्या लाईटी इझवायचं. एक दम धरायचा, मनातल्या मनात हात जोडायचा, आन् परत लावायच्या. घाटात! काळ्या अंधारात! वळणावर!

आन् त्यात मी शाणा. मला वाटलं, हेडलाईट निराळी इझवा, पार्किंग निराळी इझवा, मीटरचा बारका बल्ब निराळा इझवा, कशाला येवढी खटपट? मी येकच बटण काढलं. स्टेरिंगच्या खाली. दाबलं की गाडीतला सगळा उजेड गुल, परत दाबलं की सगळा हजर. खिंडीचं बटण! लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पयलं बटण गणपाच्या जीपला बसवलं. गणपा माझ्या वर्गातला. चौथीत आमी दोघं बरोबरच नापास झालेलो. आठ म्हयनं गेलं आन् एका रातीला गणपानं वळणावर बटण दाबलं, एक दम धरला, आन् गाडी दरीत. सकाळच्याला वर काढला तवा त्याचं बोट अजून वाकडंच व्हतं, दाबल्यावानी.

आता मला सांगा, गावानं काय म्हणावं? बटण काढून टाकू म्हणावं? न्हाई! गाव म्हणालं, गणपानं बटण दाबायला उशीर केला, बाबाच्या डोळ्यात उजेड गेला, म्हणून बाबानं नेला. आन् ज्यांच्या गाडीला बटण नव्हतं ती सगळी माझ्या दारात! मी काय केलं? सगळ्यांना बसवून दिलं. व्हय, दिलं. बघू नगा माझ्याकडं असं. दाजींच्या जीपला बी मीच बसवलेलं.

तर ऐका. आमी घाटाला लागलो. आभाळ गच्च, पर रस्ता मोकळा. दाजींनी अप्पर मारलेली. बराबर हाय. पयल्या वळणाच्या अलीकडं बघतो तर रस्त्याच्या कडेला माणूस हुबा. येकटाच. आडवा हात डोळ्यावर धरलेला, उजेड लागल्यावर धरतो न्हवं आपण, तसा.

दाजींनी पायानं डिपर दाबला. तवा डिपर पायाशी असायचा. लाईट खाली आली. तरी त्यो हात काढंना. गाडी जवळ गेली. हात तसाच. शेजारनं गेली. मी काचंतनं बघितलं, तर तितं कोण न्हाई! मैलाचा दगड, बस्स.

"दाजी, कोण व्हता त्यो?"

"कोण कुटं व्हता?" दाजी म्हणालं. पर त्यांचा आवाज चोरट्यावानी झालेला. त्यांनी बघितलं व्हतं.

मंग धुकं आलं. आपल्या घाटातलं धुकं तुमाला ठावं हाय, खालनं वर चढतं. आधी चाकं गिळली, मंग बोनेट. दाजी घाबरून परत अप्पर मारायला लागलं, मी वरडलो, "दाजी, डिपरच! अप्पर मारली की भित हुबी ऱ्हाईल!" ऐकलं त्यांनी. गाडी अशी माणसाच्या चालीनं चाललेली. अक्का कण्हत व्हती. मी तिच्या तोंडाचं रगत पदरानं पुसत व्हतो.

दुसरं वळण सरलं. म्होरनं दोन लाईटी आल्या. पिवळ्या. खालनं वर चढणारी गाडी. तिनं दोनदा लाईट उडवली, म्हंजी पाडा तुमची. आमची तर आधीच पाडलेली! अजून किती पाडायची? तिनं परत उडवली. पाडा, पाडा. दाजींनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हुबी केली, हेडलाईट इझवली, पार्किंग ठेवली. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, घाटातली रीत हाय. दाजी रीतीचं माणूस.

थांबलो. ती गाडी येते, येते, येतच न्हाई. लाईटी दिसतात. इंजिनाचा आवाज न्हाई. चढावर गाडी आन् आवाज न्हाई? असं कवा असतंय व्हय? दहा मिनिटं गेली. अक्काचा हात आता खांद्यापत्तोर सुजलेला, काकणं मांसात रुतलेली.

"दाजी, चला! ती गाडी न्हाई!"

"कुणाच्या अंगावर घालू मग?"

"अवो, अक्का मरंल!"

दाजींनी हॉर्न वाजवला. तिकडनं हॉर्न न्हाई. आन् मंग त्या दोन लाईटी, बघा हं, येक डावीकडं गेली आन् येक उजवीकडं. सावकाश. गाडीच्या दोन लाईटी अशा येकमेकीपासनं लांब जात असतात व्हय? गेल्या आन् धुक्यात इझल्या. रामनाम घेत त्यांनी हेडलाईट लावली आन् गाडी सोडली.

पाव मैल गेलो असू. म्होरं लाल दिवा. मागचा दिवा कुठल्यातरी गाडीचा. दाजींना हायसं वाटलं. धुक्यात म्होरं गाडी असली की ड्रायव्हर तिच्या लाल दिव्यावर जातो, रस्ता तिनं बघायचा, आपण दिवा बघायचा. मी म्हणालो, "दाजी, लई जवळ जाऊ नगा." म्होरल्या गाडीनं उजव्या अंगाची बत्ती लुकलुकवली. ट्रकवालं देतात न्हवं, रस्ता मोकळा हाय, घाल म्होरं? तशी. दाजींनी गियर टाकला. अक्काला पोचवायचं व्हतं त्यांना. गाडी उजवीकडं काढली आन् मला येकदम आठवलं. उजवीकडं दरी हाय!

मी मागनं त्यांचं खांदं धरलं आन् वढलं. ब्रेक लागला. म्होरचा लाल दिवा थांबला न्हाई. त्यो सरळ गेला. जितं रस्ता वळतो तितं त्यो वळला न्हाई, सरळ गेला, हवेतनं, आन् लांब जाऊन दरीवर लुकलुकत हुबा ऱ्हायला.

दिगंबर, पाणी दे मला.

हं. आता मला सांगा, आमी मागं फिरायला पायजे व्हतं का? मागं फिरलो असतो तर अक्काला घरात मरायला नेलं असतं. म्होरं गेलो तर ही तऱ्हा. मी लई इच्यार केलाय तीस वर्सं. वाट नव्हती. कुठल्याच अंगाला नव्हती.

दाजींनी गाडी वळवून रस्त्याला घेतली. आन् थोडं गेलो तर बाबा आला.

दोन पितळी डोळं. धुक्यातनं लकाकलं. पर मी वळणं मोजत व्हतो, तिसरं वळण अजून आलं नव्हतं! मी म्हणालो, "दाजी, ह्यो बाबा न्हाई. बाबा म्होरं हाय."

दाजी म्हणालं, "गप बस. मघापासनं त्याच्या डोळ्यात उजेड मारत आलोय आपण, म्हणून हे चाललंय. माझ्या बायकोचा जीव त्याच्या हातात हाय." आन् त्यांनी बटण दाबलं. गाडी अंदाजानं जरा सरली आन् हुबी ऱ्हायली.

अंधार. असा अंधार की काचंम्होरं रस्ता हाय का दरी हाय ते कळंना. एक दम झाला. दोन दम झालं. मी म्हणालो, "लावा आता." लाईट लागंना. मी शिटावरनं वाकून बटणाकडं हात नेला.

बटणावर आधीच कुणाचं तरी बोट व्हतं.

गार. ओलं. वाकडं. मला वाटलं दाजींचं. मी चाचपलं तर दाजींचं दोन्ही हात स्टेरिंगवर! दोन्ही! मंग ते तिसरं कुणाचं?

आन् बोनेटच्या अंगानं आवाज आला. हळू. "अजून उजेड हाय."

दाजींच्या तोंडात पेटलेली बिडी व्हती. ती त्यांनी भायेर टाकली.

"अजून उजेड हाय."

माझ्या मनगटाला घड्याळ व्हतं, हिरव्या काट्यांचं. अंधारात चमकायचं. मी ते काढून पायाखाली दाबलं. आता काय ऱ्हायलं? काय न्हाई ऱ्हायलं. जीपमधी उजेडाचा ठिपका नव्हता.

"अजून उजेड हाय गाडीत."

तवा मला कळलं, त्यो कशाला उजेड म्हणतोय ते. माझ्या मांडीवर अक्का व्हती. जीव व्हता तिच्यात अजून.

मी वरडलो का रडलो ते ठावं न्हाई. पाठीमागनं म्होरं उडी टाकली, त्या बोटाला हात न लावता खालनं वायरींचा जुडगा धरला आन् वढून काढला. माझ्या हातानं बसवलेलं बटण, माझ्या हातानं उपटलं. दातानं वायर सोलली. अंधारात, नुस्त्या बोटांनी. आन् हेडलाईटला डायरेक्ट दिली.

लागली! पर लागली ती अप्पर. धुक्यात अप्पर! सगळीकडं पांढरं झालं. आन् त्या पांढऱ्यात, गाडीम्होरं चार हातावर गणपा हुबा. आडवा हात डोळ्यावर. मला म्हणाला, "पाड की, खंडू. डोळ्यावर किती मारतोस?"

मंग म्हणाला, "बटण तूच बसवलंस न्हवं?"

चौथीत माझ्या शेजारी बसलेला माणूस.

आन् माझ्या पाठीमागं अक्का बोलली. इतका वेळ कण्हणारी बाई, येकदम सपष्ट बोलली. "पाड रे खंडू. डोळ्यात जातोय उजेड." मी वळून बघितलं. तिनं तिचा त्यो सुजलेला हात उचलून डोळ्यावर आडवा धरलेला. त्याच्यावानीच.

दाजी म्हणालं, "दिसतंय आता, जाऊ म्होरं." पाय क्लचवर गेला. मी म्हणालो, "थांबा!" आन् वायर बदलली. अप्परची काढली, डिपरला दिली. भित खाली बसली. आन् काय दिसलं? म्होरचं डावं चाक रस्त्यावर. उजवं चाक हवेत. बाबा न्हाई, गणपा न्हाई, रस्ता बी न्हाई. खाली निस्तं धुकं.

लाईट पाडली म्हणून आमी दोघं वाचलो. पर ती माझ्या अकलेनं पाडली, का त्यानं सांगितली म्हणून पाडली, हे मला आजवर उमगलेलं न्हाई. त्यो मारायला आलेला का वाचवायला? का त्याला निस्ता उजेड सोसत नव्हता? भुताच्या मनातलं कुणी सांगावं?

दाजींनी गाडी इंच इंच मागं घेतली. मी खाली उतरलो. डोंगराच्या भितीला हात लावून म्होरं चालत निघालो, मागनं डिपरवर जीप. धुकं इरळ झालं तवा मी परत अक्काशेजारी जाऊन बसलो. खऱ्या बाबाच्या वळणावर दाजींचा हात परत स्टेरिंगखाली गेला. सवयीनं. तितं आता भोक व्हतं. लाईट तशीच चालू ठेवून बाबाच्या डोळ्यादेखत गाडी न्यायला लावली मी.

खाली पोचलो तवा मध्यरात व्हत आलेली. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर भायेर आला, अक्काची पापणी वर करून बघितली. म्हणाला, "अर्धा तास आधी आणायची." अर्धा तास! ती दहा मिनिटं त्या पिवळ्या लाईटींना वाट द्यायला थांबलो ती. अंधारात बटणाशी गेली ती. मोजली तर तेवढीच भरतात. मी मोजलीत.

आन् गाव काय म्हणालं? सांगा, काय म्हणालं असंल? गाव म्हणालं, खंडूनं बाबाच्या डोळ्यात उजेड मारला, म्हणून बाबानं सारजा न्हेली. दाजी बी तेच म्हणालं. माझ्या अक्काच्या दिवसाला मला जेवायला बोलावलं न्हाई. मरंपत्तोर माझ्याशी बोललं न्हाईत. आन् दुसऱ्या म्हयन्यात तालुक्याला जाऊन त्यांनी दुसऱ्या वायरमनकडनं नवं बटण बसवून घेतलं.

मी सगळ्यांच्या दारी गेलो. बटणं काढून देतो म्हणालो, पाया पडतो म्हणालो. येकानं काढू दिलं न्हाई. त्यानंतर खिंडीत किती गाड्या दरीत गेल्या ते तुमी मोजा. माझं मोजून झालंय.

दिगंबर, तू बी तालुक्याला जाशील. तितं बसवून घेशील. मी तुला अडवू शकत न्हाई, कुणाला अडवू शकलो न्हाई. येवढंच सांगतो, दिवस मावळल्यावर त्या वाटंला जायचं न्हाई. अप्पर मार, डिपर मार, काय बी कर, त्याला सगळ्यावर उत्तर ठावं हाय. गणपाला बटण बसवताना लाईटीचं सगळं मीच शिकवलंय.

काय म्हणालास? रातीचं कुणाला काय झालं तर काय करायचं?

काय न्हाई करायचं. घरातच ठेवायचं. उशाला दिवा लावायचा, चांगला मोठा, आन् आपण त्या दिव्याच्या उजेडात बसायचं. जाणाऱ्याला आपलं माणूस दिसू द्यायचं. माझी अक्का गेली ती डोळ्यावर आडवा हात धरून गेली. त्यो हात काढाय गेलो तरी निघंना. मी शेजारीच बसलेलो, आन् तिला दिसलो न्हाई.